ब्रेक चांगले होते

"फेल झाले ते हेच ब्रेक का, भाऊ?" गोकुळने विचारलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. खामगावच्या बायपासला त्याचं चाकांचं आणि ब्रेकचं दुकान आहे. भारी गाड्यांना हात लावणारा आमच्या भागात हा एवढाच, असं सगळे सांगतात. त्याने माझी गाडी जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक उतरवलं होतं आणि आतल्या डिस्कवरून अंगठा फिरवत होता. "पॅड कोरे करकरीत हाय. डिस्कवर एक रेघ नाही. तेल बरोबर, पाइप बरोबर. अन् हे बसवलं कोनं? असं काम तं माह्या दुकानात बी नाही होत." मी म्हणालो, डोणगावचा एक मिस्त्री आहे. "त्याले माहा सलाम सांगजा," असं म्हणून त्याने हात पुसले आणि टेबलावर कॅटलॉग उघडून बसला. त्याला काय, गिऱ्हाइकाला नवं पाहिजे तर तो नवं देणार. मी मात्र त्या उघड्या डिस्ककडे बघत उभा राहिलो. कुलदीपच्या, म्हणजे माझ्या, लाल गाडीचे ब्रेक फेल झाले आणि साखरखेर्ड्याच्या वरातीत सोजराबाईंची मांडी मोडली, ही गोष्ट गेले पाच महिने अख्ख्या मेहकर तालुक्याला पाठ आहे. ती खोटी आहे हे फक्त मला ठाऊक होतं. आता गोकुळच्या अंगठ्यालाही ते ठाऊक झालं होतं.

मला बस म्हणाला, बसलो. गोकुळ मन लावून एकेक पान उलटत होता. "हा पाहा, सहा पिस्टनचा कॅलिपर. लाल रंगात येते, पिवळ्यात येते. याची डिस्क मोठी, भोकं पाडलेली, म्हंजे गरमी निघून जाते. अन् हे सिरॅमिकचं. याच्यावर काहीच नाही. दोनशेच्या स्पीडनं जाऊन राह्यले अन् दाबलं, तं जागच्या जागी." पण सिरॅमिकचा ब्रेक म्हणे गरम झाल्यावर खरा धरतो, थंड असला की जरा आढेवेढे घेतो, आणि माझी गाडी तर बँडच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालते, ती दोनशेवर जाणार कधी आणि तापणार कधी. मग तो कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा जबडा, घ्यावा, तर मोठी डिस्क घेतली की आत्ताचं अठरा इंची चाक तिच्यावर बसत नाही, एकोणिसाचं लागतं. एकोणिसाचं घेतलं की टायरची कड पातळ होते आणि जानेफळच्या रस्त्यावर एखाद्या खड्ड्यात चाकाला तडा जातो. म्हणून ओतीव चाक नको, घडीव घ्या, ते हलकं आणि चिवट. असं एकाला धरायला जावं तर दुसरं हाताशी येतं. आणि लाजेची गोष्ट सांगतो, मी त्यात रमलो. पाच-दहा मिनिटं मला सोजराबाई आठवल्या नाहीत, डोणगावचा तो मिस्त्री, कडूबा, आठवला नाही. मी गोकुळला विचारलं की लाल कॅलिपर काळ्या चाकातून जास्त उठून दिसेल की राखाडी चाकातून. हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तेव्हा ती उघडी डिस्क माझ्यापासून चार हातांवर होती. माझं हे असंच आहे, आधी दिसणं बघायचं आणि मग बाकीचं.

ही गाडी मी घेतली तीसुद्धा दिसण्यासाठीच. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आणली. कोणीतरी पाच वर्षं वापरून सोडलेली, दोन माणसांची, टप उघडणारी, बसलं की जमिनीला टेकतो असं वाटावं इतकी बुटकी. मेहकरला आमचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे, म्हणजे वडिलांचं आहे. वडील जाऊन नऊ वर्षं झाली तरी येणारा माणूस आधी त्यांच्या फोटोला हात जोडतो आणि मग माझ्याकडे वळून "रामरावचे तुम्ही ना?" असं विचारतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा बायकोने, पुष्पांजलीने, एवढंच म्हटलं की आपल्या घरात सोळाव्या वर्षी होणाऱ्या गोष्टी तुम्हाला उशिरा झाल्या. ते खरं होतं, म्हणून मी हसलो. मग एका मित्राने मुलाच्या लग्नाला नवरदेवाची गाडी म्हणून मागितली. नवरदेव सीटच्या पाठीवर उंच बसला, पाय सीटवर, डोक्याला फेटा, आणि मी खाली चाकामागे. गावातली झाडून सगळी माणसं ओट्यांवर आली होती. ती नवरदेवाकडे बघत होती हे मला कळत होतं, पण नजर खाली उतरायची ती गाडीवर आणि मग माझ्यावर. तेव्हापासून लग्नसराईत मी दुकान नोकरांवर सोडून वराती करू लागलो. लोकांना वाटलं धंदा. धंदा कसला, त्या नजरेची चटक लागली होती.

वरातीत गाडी हाकण्याची आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. माझी गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही; गिअरमध्ये असली तरी ब्रेकवर पाय ठेवला की उभी राहते. चौक आला की बँड थांबतो, नाचणारी मंडळी बॉनेटच्या पुढे गोल करतात आणि हात वर करून ओरडतात, "आवाज! आवाज!" मग मी गिअर काढून न्यूट्रलवर आणायचा आणि ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबायचा. गाडी जागेवरच गर्जते, मागच्या नळीतून फटाके फुटल्यासारखे बार निघतात, बाया कानांवर हात ठेवून हसतात. तरण्या पोरांच्या अंगात येतं. मग पुन्हा ब्रेकवर पाय, गिअर, आणि चार पावलं पुढे. घरापासून मांडवापर्यंत हे वीस-पंचवीस वेळा होतं. ही गाडी बनवणाऱ्यांनी तिचा असा उपयोग स्वप्नातही पाहिला नसेल. साखरखेर्ड्याला मेच्या त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे असाच गोल झाला होता. नवरदेवाची मावशी सोजराबाई, साठीच्या पुढची बाई, कडेला उभी होती. भाच्यांनी तिला ओढून मध्ये आणलं. आधी ती नाही नाही म्हणाली, मग तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर केले आणि दोन गिरक्या घेतल्या. इतकी सुंदर नाचली ती, की पोरं थांबून बघायला लागली. मग माझ्याकडे बघून तीच ओरडली, "होऊ दे रे बापा आवाज!" मी तिच्याकडे बघून हसत होतो. माझा हात गिअरकडे गेला, हे मला नक्की आठवतं. तो दांड्याला लागला आणि परत आला. कुलूप लावायला जाऊन, ते लावल्यासारखं वाटून माणूस परत फिरतो, तसा तो परत आला. पाय काही हातासाठी थांबला नाही.

गाडीने उडी मारली. मग माझा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी जिथल्या तिथे खिळली. सोजराबाई बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी पडल्या होत्या आणि चाक त्यांच्या कमरेपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. बॉनेटची धडक मांडीला बसली होती, ती मोडली. चाक अंगावर गेलं असतं तर बाई राहिली नसती. ते गेलं नाही, कारण ब्रेक चांगले होते, आणि ते चांगले होते कारण आठच दिवसांपूर्वी कडूबा मिस्त्रीने ते हाताने धुऊन, पुसून, नवे पॅड घालून बसवले होते. हे मी पाच महिन्यांत हजार वेळा मनात म्हटलं आहे. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ब्रेक फेल झाले! ब्रेक फेल!" आणि पंधरा-वीस तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "हाव." एवढंच. नवरदेवाचे वडील आले, बाईंना जीपमध्ये घालून बुलढाण्याला पाठवलं आणि म्हणाले, आज लग्नाचा दिवस आहे, पोलिस-बिलिस काही नको, यंत्राच्या गोष्टीत कोणाचा काय दोष. माझ्या पाठीवर हातसुद्धा ठेवला त्यांनी. मग कोणीतरी विचारलं, "ब्रेकचं काम कुठं केलं व्हतं?" मी म्हणालो, डोणगावला, कडूबाकडे. ते अगदी खरं होतं. त्या दिवशी मी जे काही बोललो त्यात एकच शब्द खोटा होता.

कडूबा हा ट्रॅक्टर आणि जिपांचा मिस्त्री. त्याच्या बोटांना डोळे आहेत असं डोणगावात म्हणायचे. माझी गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा तो तिच्याभोवती दोनदा फिरला, म्हणाला, "हे आपल्या औकातीबाहेरचं हाय कुलदीपभाऊ, तुमी अकोल्याले न्या." मीच आग्रह केला. तेव्हा त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, अंथरुणाची धुतलेली चादर आणून जमिनीवर पसरली आणि काढलेला एकेक बोल्ट काढला त्याच क्रमाने तिच्यावर मांडला. ब्रेकचं कुठलंही काम झालं की त्याची एक पद्धत होती. तो स्वतः गाडीपुढे वीस पावलांवर हात मागे बांधून उभा राहायचा आणि मालकाला म्हणायचा, आणा माझ्या अंगावर. मी त्या दिवशी घाबरलो होतो. तो हसत होता. "माह्या बिरेकवर मीच भरोसा नाही ठेवला, तं लोकायनं काऊन ठेवावा?" मी गाडी नेली, दाबला ब्रेक, त्याच्या धोतराच्या सोग्याला बंपर लागतो की काय इतक्या जवळ गाडी थांबली. मागे सरकणं तर सोडाच, त्याने पापणीही लवू दिली नाही. अशा माणसाचं नाव मी एका शब्दात घालवलं. आषाढापर्यंत त्याच्याकडे येणाऱ्या जिपा सरळ पुढे मेहकरला यायला लागल्या. माझ्याच दुकानात बियाणं घ्यायला आलेले शेतकरी बोलायचे, "कडूबाचं आता वय झालं. एवढी भारी गाडी त्यानं हाती घ्यालेच नोती पाहिजे." मी पिशव्या मोजून द्यायचो आणि मान हलवायचो. पोळ्याला कळलं की त्याने गॅरेज बंद केलं.

टेबलावर फोन वाजला. पुष्पांजलीचा होता. "पाहिले का? सगळ्यात भारी ते घ्या. अन् लाल रंगाचे घ्या, म्हंजे लोकाले चाकातून दिसतीन तरी. दिवाळीनंतरच्या लग्नावाले विचारून राह्यले, ब्रेक बदलले का म्हणून." ती बिचारी मनापासून सांगत होती. तिला मी काही सांगितलेलं नाही. रागावेल म्हणून नाही. ती रागावणार नाही, गप्प बसेल आणि माझी बाजू धरेल, हीच मला भीती आहे. फोन ठेवल्यावर मला एकदम दिसलं की मी इथे काय विकत घ्यायला आलो आहे. काळ्या चाकाच्या फटीतून दिसणारा लाल कॅलिपर. तो बघून दहा गावांतली माणसं म्हणतील, बघा, जुने ब्रेक खराब होते म्हणून नवे घातले. जेवढे नवे ब्रेक भारी, तेवढे जुने वाईट. मला त्या माणसाची, त्याच्या त्या पसरलेल्या चादरीची इतकी कीव आली, आणि स्वतःची इतकी किळस, की गोकुळ काय विचारतोय ते मला दोनदा ऐकूनही समजलं नाही. तो विचारत होता, "मंग कोनतं करायचं?" मी म्हणालो, "जुनंच चाक बसव." "अन् ब्रेक?" "ब्रेक चांगले हाय." आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्याने बोललो. गोकुळ म्हणाला, "मी तं केव्हाचा तेच म्हनून राह्यलो," आणि जरासा नाराज होऊन पाना उचलला.

खामगाव ते मेहकर, मेहकर ते डोणगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालली होती, मळणीयंत्रांचा धुरळा रस्त्यावर येत होता, आणि टप बंद असूनही तो माझ्या दातांत कचकचत होता. मी मनात वाक्यं जुळवत होतो. मिस्त्री, तुमचा काही दोष नाही. मिस्त्री, चूक माझी आहे. मग मला दिसायचं की कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलंय, तो माझे हात धरतोय, गॅरेजचं शटर वर जातंय आणि डोणगावच्या पारावर लोक म्हणतायत, कुलदीपने कबूल केलं बरं, मोठ्या मनाचा माणूस. हे सगळं इतकं झकास दिसायचं की मी मधेच स्वतःशी हसलोसुद्धा. मग लक्षात यायचं की मी पुन्हा चाकामागे बसून लोकांची नजर माझ्यावर यायची वाट बघतोय. मेहकर मागे गेलं तेव्हा घराकडे वळावं असं फार वाटलं. वळलो नाही, एवढं एक माझ्या खात्यावर चांगलं आहे, ते लिहून ठेवतो.

दुपारचे तीन वाजले असतील. गॅरेजचं शटर खाली होतं आणि त्याच्यापुढे, जिथे पूर्वी तेलाचे डाग असायचे, तिथे ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं होतं. कडूबा कडेला बसून खडे निवडत होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. "बसा कुलदीपभाऊ. लय दिवसानं." मग जरा थांबून, रुसून गेलेल्या लेकीची चौकशी करावी तसं हळूच विचारलं, "गाडी कशी हाय?" मी म्हणालो, बरी आहे. त्याने गाडीकडे बघायचं टाळलं, हे मला दिसलं. आतून कौशल्याबाई, त्याची बायको, दारात येऊन उभ्या राहिल्या, मला पाहिलं आणि आत गेल्या.

"मी गेलो व्हतो सोजराबाईकडं," कडूबाच बोलायला लागला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता काठी घेऊन चालते ती माउली. पाय धरले मी तिचे. म्हटलं, बाई, माह्या हातानं झालं. तिचा भाऊ, भाचे सारेच व्हते. ती म्हने, जाऊ द्या मिस्त्री, देवानं जीव ठेवला. तवापासून मले झोप लागते." मी ते ऐकलं आणि माझी जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मग जसं आलं तसं बोललो. "मिस्त्री, तुमच्या हातानं काहीच नाही झालं. ब्रेक चांगले व्हते. गाडी गिअरमधी व्हती अन् मी आवाज काढायले पाय दिला. न्यूट्रल करायचं राह्यलं मले. आज खामगावले चाक खोलून पाह्यलं, तिथल्या मानसानं तुमाले सलाम सांगितला." मी बोलत होतो आणि कडूबा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. आजारी माणूस बरळायला लागला की घरचे बघतात, तसा तो बघत होता. मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कुलदीपभाऊ, तुमाले लय लागलं ते मनाले. पन दुसऱ्याचं पाप असं आपल्या डोक्यावर घेऊ नाही मानसानं. मले मालूम हाय ना काय झालं ते. डाव्या चाकाचा खालचा बोल्ट. अर्धा आटा राह्यला व्हता कसायचा. त्या दिवशी मले बाहेरून कोनीतरी हाक मारली, मी उठलो, अन् परत येऊन तो कसलाच नाही. मले आता साफ दिसते, डोये मिटले का दिसते." मी म्हणालो, "नाही मिस्त्री, सगळे बोल्ट कसलेले हाय, आज डोळ्यानं पाह्यले." "मंग तुमी नंतर कोनाकडून कसून घेतले असतीन," तो समजूत घालत म्हणाला. कोणी हाक मारली नव्हती. मी त्या दिवशी पूर्ण वेळ त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होतो. तो एकदाही उठला नव्हता. माझ्या एका शब्दाने पाच महिन्यांत त्याच्या डोक्यात एक बोल्ट ढिला केला होता, एक हाक घातली होती, आणि आता ते माझ्याच्याने निघत नव्हतं. तो बोलत होता आणि खडे निवडणारी त्याची बोटं एकच दाणा पुन्हा पुन्हा उचलून बघत होती.

"ते खरं बोलून राह्यले." कौशल्याबाई दारात होत्या. हातात चहाचे दोन कप. "मले तवाच वाटलं व्हतं. तुमाले बी मी सांगितलं व्हतं, तुमचा हात नाही चुकत म्हनून." मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या, "हे तिथं, चार मानसात काऊन नाही बोलले तुमी? पाच महिने ह्यायच्या हाताकडं पाहून मी रडली." "चूप राय वं," कडूबा चिडला, "घरी आलेल्या मानसाले असं बोलतात का?" मी म्हणालो, "चला मिस्त्री, आत्ता साखरखेर्ड्याले जाऊ. तिथं साऱ्यायसमोर सांगतो." तो दचकला. "नोका बा. बाईनं एक डाव माफ केलं, आता पुन्हा तिच्या दारात तमाशा कायले? अन् तुमी मोठ्या घरचे, रामरावचं नाव हाय. लोक नावं ठेवतीन तुमाले. माहं काय, माहं झालं आता." आणि मला हे सांगायलाच पाहिजे, की ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं.

कौशल्याबाईंनी एक कप नवऱ्याच्या हातात दिला. दुसरा, माझ्यासाठी आणलेला, स्वतः घेतला, उंबऱ्यावर बसल्या आणि माझ्याकडे बघत फुंकर न घालता प्यायला लागल्या. कडूबाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शरमून आपला कप माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.